साथीतूनही ओळख घडते

दुसऱ्याच्या संगीताला साथ देणाऱ्या ड्रमवादकाला स्वतःची ओळख घडवता येत नाही, हा समज त्रिलोक गुर्टू यांच्या कारकिर्दीने खोटा ठरवला. १९५१ मध्ये मुंबईत जन्मलेले गुर्टू आधी तबला शिकले, मग ड्रमकडे वळले. १९८४ मध्ये ‘ओरेगॉन’ या अमेरिकी वाद्यवृंदातील तालवादक कॉलिन वॉलकॉट दौऱ्यावरील अपघातात गेले. पुढे ती जागा गुर्टूंनी घेतली. गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीतूनही त्यांनी दौरे केले. जमिनीलगत बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजवण्याची, वाजती झांज पाण्यात बुडवून सूर वाकवण्याची रीत ही त्यांची खूण ठरली.

बेळगावच्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र म्हणून हे साधले, असा आक्षेप येईल. घरचे ऋण मोठेच. १९८८च्या ‘उस्फ्रेत’ या अल्बममध्ये आईचा आवाज आहे. पण परक्या वाद्यवृंदात आडनाव नव्हे, इतरांचे ऐकून वाजवणे टिकवते. म्हणून खडकवासल्यात ड्रम शिकणाऱ्यांनी वेगाआधी कान तयार करावा आणि तबला-ढोलकीची लय सोडू नये.