व्यावसायिक लॅपटॉपची किंमत : ग्राहकांची ओरड आणि आपला हिशेब

२०२५ ची दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. रविवारी सकाळी विहारातील अभ्यासिकेत पुस्तकांची यादी करीत बसलो असताना आमच्या वस्तीतील एक वहिनी मुलाला घेऊन आल्या. मुलगा उल्हासनगरच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करतो. आता स्वतंत्र धंदा करायचा त्याने ठरवले होते आणि त्यासाठी त्याला अ‍ॅपल कंपनीचा नवा मॅकबुक प्रो घ्यायचा होता. किंमत १,६९,९०० रुपये. वहिनींजवळ पतीच्या निवृत्तीनंतर बँकेत ठेवलेली दोन लाखांची मुदत ठेव. "भाऊ, तुम्ही बँकेतले. एफडी मोडू की नको, तेवढं सांगा," असे त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "काका, काम ह्याच्यावरच होतं. पण एवढी किंमत का, ते दुकानात कुणी सांगत नाही."

आम्ही कला शाखेचे पदवीधर. संगणकाचे शिक्षण म्हणाल तर एम.एस.-सी.आय.टी. पर्यंतचे. तरी भाव, कर आणि व्याज हा आमचा रोजचा व्यवहार असल्याने त्या प्रश्नाच्या मागे लागलो. जे हाती लागले ते वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत, कारण असा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत पडलेला आहे. व्यावसायिक लॅपटॉप म्हणजे ज्याच्यावर पोट चालते तो. व्हिडिओ जोडणारा, नकाशे काढणारा, हिशेबनीस, प्रोग्रॅम लिहिणारा, अशांसाठी काढलेला.

प्रथम किंमत. आपल्याकडे सर्वत्र समज असा की परदेशी लॅपटॉपवर सरकार जबर आयात शुल्क लावते. हा समज खरा नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंबाबत १९९६ साली सिंगापूर येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यात भारत सामील आहे, आणि लॅपटॉपवरील मूळ आयात शुल्क शून्य आहे. लागतो तो १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा मोठे टीव्ही, एसी व मोठे मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ वर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८ मध्ये असल्याने त्याच्या भावात काही फरक पडला नाही, आणि दसऱ्याच्या खरेदीला गेलेली पुष्कळ मंडळी दुकानदाराशी हुज्जत घालून परत आली. दुकानदाराचा त्यात दोष नव्हता.

दुसरी गोष्ट, अमेरिकेत छापलेली किंमत विक्रीकर सोडून असते, आपली एम.आर.पी. सर्व करांसह. ह्याच यंत्राची अमेरिकेतील किंमत तेव्हा १,५९९ डॉलर होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे आधीचे मॉडेल आले तेव्हा डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे १,३४,३१६ रुपये झाले. त्यावर १८ टक्क्यांचे २४,१७७ मिळवले की १,५८,४९३. भारतातील किंमत १,६९,९००. राहिलेला फरक सुमारे साडेअकरा हजारांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवे मॉडेल आले तेव्हा डॉलर ८८ च्या घरात गेला होता, पण भारतातील किंमत तीच राहिली, त्यामुळे हाच फरक चार हजारांखाली आला. "अमेरिकेत स्वस्त, इथे लूट" ही ओरड ऐकताना हा हिशेब जवळ असलेला बरा. दुबईहून कुणा नातेवाइकाकडून मागवण्याची धडपड किती रुपयांसाठी करायची तेही त्यावरून ठरवता येते.

आणखी एक. ज्याचा धंदा जीएसटीमध्ये नोंदलेला आहे त्याने आपला जीएसटी क्रमांक टाकून बिल घेतले, तर १,६९,९०० मधील कराचे २५,९१७ रुपये त्याला पुढच्या कराच्या भरण्यात वळते करून घेता येतात. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नाही, म्हणून आपल्या लहान स्टुडिओवाल्यांना ही सवलत मिळत नाही. मोठ्याला तेच यंत्र तेव्हा १,४३,९८३ ला पडत होते आणि लहान्याला १,६९,९०० ला. ह्यावर मात्र कोणी ओरडत नाही.

आता सोयींविषयी. येथे ग्राहकांच्या ओरडीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

२७ ऑक्टोबर २०१६ रोजी अ‍ॅपलने मॅकबुक प्रोचे नवे रूप बाजारात आणले. यंत्र बारीक झाले, हलके झाले, आणि किंमत वाढली. अमेरिकेत १५ इंची मॉडेल १,९९९ डॉलरवरून २,३९९ वर गेले, भारतात ते २,०५,९०० रुपयांना आले. पण त्यातून साधी यूएसबीची जागा गेली, टीव्ही-प्रोजेक्टरला जोडायचे एचडीएमआय गेले, कॅमेऱ्याचे कार्ड घालायची फट गेली. चार्जरची वायर लोहचुंबकाने चिकटत असे, पाय अडकला तरी यंत्र खाली न पडता वायर सुटून येई, तीही सोय गेली. वरच्या फंक्शन बटनांच्या ओळीऐवजी बोट फिरवायची एक उजळ पट्टी आली. मेमरी १६ जीबीहून जास्त मिळेना. बॅटरी टिकावी म्हणून, असे कंपनीचे म्हणणे.

छायाचित्रकार, व्हिडिओवाले, प्रोग्रॅम लिहिणारे असे ज्यांच्यासाठी यंत्र काढले तेच चिडले. जास्त पैसे देऊन कमी जागा का घ्यायच्या, आणि वर प्रत्येक जोडणीसाठी वेगळा कन्व्हर्टर का विकत घ्यायचा, असा त्यांचा सवाल. कंपनीने पुढच्याच महिन्यात कन्व्हर्टरचे दर उतरवले, साधा १९ डॉलरचा ९ वर आणला. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ह्या ग्राहकांसाठी चाचण्या घेणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये बॅटरीचे आकडे दर चाचणीला वेगळे येतात म्हणून ह्या लॅपटॉपची शिफारस नाकारली. कंपनीने सॉफ्टवेअरमधील दोष दुरुस्त केल्यावर जानेवारीत ती दिली.

अशा बारीक लॅपटॉपांची लाट तेव्हा सगळ्याच कंपन्यांत होती. त्या काळात आमच्या एका कार्यक्रमाला आलेल्या वक्त्यांच्या लॅपटॉपला सभागृहातील प्रोजेक्टरची वायर लागेना. एक कार्यकर्ता कन्व्हर्टर शोधायला कल्याणला गेला. वक्ते चित्रे न दाखवता पाऊण तास बोलले आणि तो कन्व्हर्टर घेऊन पोचला तेव्हा चहा सुरू होता. असो.

सर्वांत महाग पडला तो कीबोर्ड. नव्या पद्धतीच्या पातळ बटनांखाली धुळीचा कण गेला की बटन अडकायचे, नाही तर एकदा दाबून अक्षर दोनदा उमटायचे. दुरुस्तीला पुष्कळदा बॅटरीसह वरचा सगळा भाग बदलावा लागे. शहाड पुलाखाली रोज जी धूळ उडते ती पाहता हे यंत्र आपल्याकडे कसे निभावले असेल कोण जाणे. तक्रारी वाढल्या, अमेरिकेत दावे दाखल झाले, तेव्हा जून २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षे कीबोर्डची मोफत दुरुस्ती जाहीर केली. जुन्या धाटणीचा कीबोर्ड १६ इंची मॉडेलवर परत आला नोव्हेंबर २०१९ मध्ये. एचडीएमआय, कार्डाची फट, चुंबकाची वायर आणि खरी फंक्शन बटने परत आली १८ ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे ओरड ऐकली गेली, पण पाच वर्षांनी. २०२२ मध्ये कीबोर्डच्या दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली, तिचा लाभ अमेरिकेतील सात राज्यांच्या ग्राहकांपुरता. मधल्या काळात दोन लाख मोजणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला मिळाली ती दुरुस्ती.

हे एकाच कंपनीचे म्हणाल तर तसेही नाही. थिंकपॅड हा पूर्वी आयबीएमचा आणि २००५ पासून लेनोव्होचा लॅपटॉप म्हणजे कचेऱ्यांचा विश्वासू बैल. २०१४ च्या एक्स-१ कार्बन मॉडेलवर त्यांनीही फंक्शन बटनांऐवजी स्पर्शाची पट्टी बसवली होती. गिऱ्हाइके बिथरली आणि २०१५ मध्ये बटने परत आली. दुसऱ्याला ठेच लागली तरी पुढचा शहाणा होतोच असे नाही, हे त्यानंतर दोन वर्षांच्या आतच दिसले.

त्या मुलाच्या प्रश्नाशी अधिक जवळची गोष्ट मेमरीची. हल्लीच्या बहुतेक बारीक लॅपटॉपांत रॅम डागून बसवलेली असते, अ‍ॅपलमध्ये तर ती मुख्य चिपसोबतच येते. पूर्वी लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन हजारांची पट्टी आणली, पाठचे स्क्रू काढले, बसवली, असे होई. आता घेताना जेवढी घेतली तेवढीच मरेपर्यंत. म्हणून जाहिरातीतील सर्वांत खालची किंमत ही पुष्कळदा त्या कामाची किंमतच नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या १४ इंची मॅकबुक प्रोची सुरुवात १,६९,९०० ला होती, पण ८ जीबीवर. 'प्रो' नावाच्या यंत्रात २०२३ साली ८ जीबी, ह्यावरून जगभर टीका झाली. आपली ८ जीबी इतरांच्या १६ सारखीच चालते, असे कंपनीच्या अधिकाऱ्याने म्हटले, त्यावर टीका आणखी वाढली. १६ हवी तर २०,००० रुपये जादा. वर्षभराने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच १,६९,९०० मध्ये १६ जीबी मिळू लागली. म्हणजे एकाच किमतीच्या पाटीखाली दोन वेगळे माल विकले गेले, आणि आधी १६ जीबी घेणाऱ्याचे वीस हजार जास्त गेले.

थांबलेल्याचा फायदाच होतो असेही मात्र नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्याने त्यांचे भाव जगभर भडकले. पट्टी बदलता येणारा लॅपटॉप घेऊन "रॅम पुढे टाकू" म्हणणाऱ्यांना तो बेत महाग पडला.

आता हप्त्यांविषयी, कारण किमतीवरची खरी प्रतिक्रिया आपल्याकडे तेथे दिसते. एवढे महाग यंत्र रोखीने घेणारा विरळा. समजा १,६९,९०० चे कर्ज १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता साधारण ८,१५७ रुपये येतो आणि शेवटी १,९५,७७० च्या आसपास भरले जातात. 'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी पाहून लोक भुलतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज असे काही नसते. व्याज असतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो म्हणून ते दिसत नाही. तीच सूट रोखीत मिळते का, हे विचारायला लाजू नये. क्रेडिट कार्डावर हप्ते असतील तर व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी ही वेगळी लागते. व्याज आठ हजार असेल तर त्यावरचा कर १,४४० रुपये, आणि हा कुणी परत देत नाही. बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर हा जीएसटी नाही.

वहिनींना आम्ही सांगितले की ठेव मोडू नका. ठेवीवर कर्ज मिळते, सर्वसाधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने, आणि ठेवीचे व्याज चालूच राहते. मुलाला सांगितले की तू ज्या स्टुडिओत काम करतोस तेथील यंत्रावर एका पूर्ण लग्नाचे काम चालू असताना किती मेमरी भरते ते आठवडाभर लिहून काढ. त्याने लिहून आणले. १६ जीबी पुरत होती. नव्या चिपचा वेग त्याला हवा होता, पण गरज होती ती कार्डाच्या फटीची आणि दिवसाला दोन लग्ने निघतील एवढ्या ताकदीची.

जुन्या मालाचीही चौकशी झाली. कचेऱ्यांतून निघालेले लॅपटॉप बाजारात मुबलक आहेत, पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र दहा-बारा हजारांत मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हे पाहून घ्यावे.

शेवटी त्याने २०२१ सालचा, सोयी परत आलेला तो १४ इंची मॅकबुक प्रो, १६ जीबीचा, वापरलेला पण वर्षभराच्या हमीसह ८२,००० ला घेतला. तीस हजार त्याच्याजवळ होते, बावन्न हजार आईच्या ठेवीवर कर्ज. बॅटरीची ताकद ८१ टक्के उरली आहे असे यंत्रच दाखवत होते. पुढेमागे ती बदलावी लागेल, त्याचे पैसे तो आतापासून वेगळे काढतो. फेब्रुवारीपर्यंत त्याच्याकडे अकरा लग्नांची कामे आली आणि कर्जापैकी वीस हजार त्याने आमच्याच काउंटरवर येऊन भरले.