ट्रॅक्टरच्या लिफ्टमधील दाबमोचक झडप

बांधाजवळ ट्रॅक्टर वळविताना चालक हाताजवळचा एक लहानसा दांडा ओढतो आणि तीन-चार क्विंटल वजनाचा नांगर जमिनीतून अलगद वर येतो. शेणखताने भरलेली ट्रॉली मागे कलती करतानाही हाच प्रकार घडतो. ही कामे तेलाच्या दाबाने होतात हे आता बहुतेक शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. परंतु तो दाब मर्यादेत ठेवण्यासाठी यंत्रणेत बोटाएवढी एक झडप बसविलेली असते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. यंत्राचे आयुष्य, आणि प्रसंगी माणसाचे प्राणही, या झडपेवर अवलंबून असतात. मिस्त्री तिला ‘रिलीफ व्हॉल्व्ह’ म्हणतात. आपण तिला दाबमोचक झडप म्हणू.

कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. त्याच्या आधारे जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. ट्रॅक्टरला अवजार तीन सांध्यांनी जोडून ते तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन याने बाजारात आणली. तशा सोयीचा त्याचा ट्रॅक्टर १९३६ साली विक्रीस आला. हिशेब अगदी सोपा आहे. ट्रॉलीच्या जॅकमधील दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम असेल तर तो दट्ट्या पावणेबारा टनांच्या जोराने वर रेटला जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंप दाब निर्माण करतो असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः पंप केवळ तेल ढकलतो. त्यातील दातेरी चाके प्रत्येक फेऱ्यात ठराविक तेल पुढे लोटतात, आणि पुढे त्या तेलाला जेवढा अडथळा होतो तेवढाच दाब निर्माण होतो. रिकामी ट्रॉली उचलताना दाब थोडा असतो, भरलेली उचलताना वाढतो. आता जॅक पूर्ण वर जाऊन थांबला, किंवा भार इतका आहे की तो हलतच नाही, असे समजा. इंजिन चालू आहे, पंप फिरतो आहे, तेल येतच आहे, पण त्याला जाण्यास जागा नाही. पाटाचे दार बंद केले तर पाणी निदान काठावरून वाहून जाते; पोलादी नळीत कोंडलेले तेल जवळजवळ दबतच नाही, म्हणून दाब क्षणार्धात भरमसाट चढतो. अशा वेळी होज पाइप फुटतो, पंपाची शाफ्ट तुटते, जॅकचे ऑइल सील निकामी होते किंवा इंजिन बंद पडते. सर्वांत दुबळा जो भाग असेल तो प्रथम जातो.

हा प्रसंग टाळण्यासाठी पंपानंतर लगेच तेलाला एक आडवाट ठेवलेली असते. तिच्या तोंडावर एक पोलादी गोळी किंवा निमुळता खुंट असतो आणि घट्ट स्प्रिंग त्याला बैठकीवर दाबून धरते. तेलाचा जोर स्प्रिंगच्या जोरापेक्षा कमी असेल तोवर वाट बंद राहते. जोर वाढला की खुंट उचलला जातो, जादा तेल टाकीत परत जाते आणि दाब ठरीव मर्यादेपलीकडे चढत नाही. धरणाच्या सांडव्याचे काम नेमके हेच. घरातील प्रेशर कुकरची शिट्टीही त्याच जातीची. तेथे स्प्रिंगऐवजी वजन असते इतकेच. वाटेचे भोक १ सेंटिमीटर व्यासाचे असले तर १५० किलोग्रॅम दाबाला ती बंद ठेवण्यासाठी स्प्रिंगला सुमारे ११८ किलोग्रॅमचा जोर द्यावा लागतो. एवढ्या लहान वस्तूत क्विंटलाहून अधिक जोर कोंडलेला असतो, म्हणून ती झडप शेतावर पान्हा घेऊन उघडण्याची वस्तू नव्हे. मोठ्या यंत्रांत एवढी कडक स्प्रिंग टाळण्यासाठी एक लहान झडप मुख्य झडपेस उघडते, अशी द्विस्तरीय रचना करतात.

झडप आहे म्हणून दांडा ओढून धरून ठेवावा, असे मात्र नाही. झडपेतून तेल जात असता इंजिनाची शक्ती कोणतेही काम न करता उष्णतेत रूपांतरित होते. पंप मिनिटास ३० लिटर तेल देत असेल आणि झडप १५० किलोग्रॅमला उघडत असेल तर १० अश्वशक्ती अशी तेलात मुरते. तेल २० लिटर असेल आणि उष्णता बाहेर गेली नाही, तर ते दर मिनिटाला सुमारे १३ अंश सेल्सियसने तापेल. तापलेले तेल पातळ होते, सील कडक होतात, पंपाची झीज वाढते. जॅक शेवटास पोहोचताच शिट्टीसारखा किंवा घरघरणारा आवाज येतो, तो झडप उघडल्याचा. तो ऐकताच दांडा सोडावा. लिफ्ट पूर्ण वर गेल्यावरही हा आवाज थांबत नसेल तर लिफ्टची जुळणी बिघडली आहे असे समजून ती दुरुस्त करून घ्यावी.

आता सर्वांत घातक प्रथेविषयी. ट्रॉलीची फळी उंच करून जादा माल भरावा, मग ती उचलत नाही म्हणून झडपेचा स्क्रू आवळावा किंवा स्प्रिंगखाली एखादा वायसर सरकवावा, असा उपाय काही ठिकाणी केला जातो. ट्रॉली उचलली जाते हे खरे. पण दाब १५० वरून २२५ किलोग्रॅमवर गेला की वरील जॅकचा जोर पावणेबारा टनांवरून साडेसतरा टनांच्या पुढे जातो, आणि दीडपट ताण जॅकबरोबर होज, पंप, जोडण्या व ट्रॉलीची चौकट या सर्वांवर पडतो. नवा होज त्याच्या नेमलेल्या दाबाच्या चौपट दाब सोसेल अशा हिशेबाने बनवितात. उन्हाने तडकलेल्या, घासलेल्या जुन्या होजमध्ये ती ताकद उरलेली नसते.

वास्तविक अवजार न उचलण्याची कारणे बहुधा वेगळीच असतात. तेल कमी असणे, गाळणी तुंबणे, पंप झिजणे, किंवा झडपेच्या बैठकीत कचऱ्याचा कण अडकून ती अर्धवट उघडी राहणे, ही त्यांतील नेहमीची होत. थंड तेलावर लिफ्ट चालते व तासाभराने मंदावते, तेव्हा पंप किंवा झडप गळत असल्याचा संशय घ्यावा. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. खात्री करण्याचा मार्ग एकच: तेल गरम झाल्यावर जाणत्या मिस्त्रीकडून दाबाचे गेज जोडून घ्यावे, दांडा क्षणभरच ओढावा आणि आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. आकडा बरोबर असूनही भार उचलला जात नसेल तर एक तर भारच अधिक आहे किंवा जॅक व सांधे यांत दोष आहे. झडपेस हात लावण्याचे कारण नाही.

झडपेचे संरक्षण कोठवर पोहोचते हेही ग्रामसेवकांनी समजावून सांगावे. मुख्य झडप पंपाच्या बाजूस असते. दांडा मधल्या जागी आणल्यावर जॅकमधील तेल वेगळे कोंडले जाते आणि तेथील दाबावर तिचा ताबा राहत नाही. अवजार उचललेल्या स्थितीत खाचखळग्यांतून ट्रॅक्टर वेगाने नेला की त्या तेलाला जबर हिसके बसतात. म्हणून अनेक ट्रॅक्टरांत जॅकसाठी निराळी संरक्षक झडप देतात. तथापि होज फुटला तर या झडपा भार धरून ठेवीत नाहीत. ट्रॉली काही क्षणांत खाली येते. उचललेल्या ट्रॉलीखाली वंगण घालण्यासाठी वा दुरुस्तीसाठी जावयाचे असल्यास तिला आधी भक्कम लोखंडी टेकू द्यावा. दगड वा लाकडाच्या ओंडक्यावर विसंबू नये.

होजला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तरी त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. गळती शोधताना होजवरून हात फिरवू नये. अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, दांडा मागे-पुढे हलवून दाब उतरवावा व मगच जोडणी सैल करावी. चालू यंत्राची गळती पाहावयाचीच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून त्यावर डाग उमटतो का ते पाहावे. तेल अंगात शिरल्यास सुरुवातीस लहानसा ठिपका दिसतो व वेदनाही फारशी होत नाही, त्यामुळे माणूस हळद लावून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल पसरून मांस सडू लागते व बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. अशा माणसास त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे आणि दाबाखालील तेल आत शिरले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.