जकात निधीचा विनियोग : श्रद्धा आणि निर्णयपद्धती

मराठी वाचकास ‘जकात’ म्हटले की नाक्यावरचा कर आठवतो. अरबी शब्द तोच. परंतु इस्लाममध्ये जकात हा पाच मूलस्तंभांपैकी एक असून संपन्नाच्या धनातील तो गरिबाचा हक्क मानला जातो. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या मूल्याइतकी संपत्ती, देणी वजा जाता, चांद्रवर्षभर ज्याच्यापाशी राहते, त्याने तिचा अडीच टक्के भाग द्यावयाचा असतो.

कुराणाच्या नवव्या सूरेतील ६० व्या आयतीत लाभार्थींचे आठ वर्ग सांगितले आहेत. त्यांत निर्धन, गरजू, कर्जबाजारी व अडचणीतील प्रवासी येतात. कोणास किती द्यावे हे मात्र तेथे ठरवून दिलेले नाही. हनफी मतानुसार एकाच वर्गास दिले तरी चालते. परंतु रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून हा निधी आम्ही इमारत, यंत्रसामग्री वा वेतनाकडे वळवीत नाही. तो पात्र रुग्णाच्या नावे देऊन, त्याच्या लेखी संमतीनेच उपचारांच्या देयकात जमा केला जातो.

निधी मर्यादित आणि अर्ज अधिक, ही आमची खरी अडचण. पूर्वी आम्ही ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या रीतीने मदत देत असू. त्यामुळे माहितगार व शिफारस असणारे पुढे येत आणि संकोचाने मागे राहिलेले रिक्त हस्ते परतत. हात न पसरणाऱ्या गरजूंची कुराणाने विशेष दखल घेतली आहे. आमची रीत नेमकी त्यांनाच वगळत होती.

यावर अमेरिकन गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली पद्धती उपयोगी पडते. मलेशिया व इंडोनेशियातील अभ्यासकांनी जकात वाटपाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे. तीत निकषांची दोन-दोन करून तुलना करतात : आजाराची तातडी महत्त्वाची की दारिद्र्य, आणि किती पटीने? एक ते नऊ या मापाने दिलेल्या उत्तरांतून प्रत्येक निकषाचा भारांक निघतो.

समजा, तातडीस ४०, दारिद्र्यास ३०, अवलंबून व्यक्तींस २० व अन्य मदतीच्या अभावास १० असे भारांक ठरले. डायलिसिसवरील मजुरास या निकषांवर दहापैकी अनुक्रमे ८, ९, ९, ७ गुण मिळाले, तर त्याची बेरीज शंभरात ८४ होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या वृद्धेस ३, १०, ४, ६ मिळाले, तर ५६. वृद्धा अधिक निर्धन आहे. तरी मजुराचा क्रम आधी लागतो. तिचा अर्ज मात्र फेटाळला जात नाही, प्रतीक्षायादीत राहतो.

पात्रता धर्मशास्त्र ठरवते. गणित केवळ क्रम लावते. भारांक अर्जदारांची नावे पाहण्यापूर्वीच निश्चित व्हावेत, आणि गुणांत अल्प अंतर असल्यास समितीने विचार करून कारण लेखी नोंदवावे, असा आमचा आग्रह आहे. ‘आज नाही’ हे उत्तर ऐकणाऱ्या कुटुंबास त्यामागचे कारण समजण्याचा अधिकार आहे.

बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांच्या मते जकात मुस्लिम गरजूंनाच देता येते. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कोणासही देता येतो. म्हणून दोन्हींचे हिशेब आम्ही स्वतंत्र ठेवतो आणि इतर धर्मीय गरजू रुग्णांस सदका व सर्वसाधारण निधीतून मदत देतो. देणगीदारांनी पावती घेताना आपल्या दानाचा प्रकार अवश्य नमूद करावा, ही नम्र विनंती.