जीप खटखटते, दोष कुणाचा?

आज बोलायचंय ते रबराच्या एका छोट्या तुकड्याबद्दल. गॅरेजमध्ये त्याला बुश म्हणतात.

आमच्या गटाची जुनी फोर बाय फोर जीप आहे, चारही चाकांना पाटे असलेली. पावसाळ्यात वाडीवरचे दुधाचे कॅन चिखलातून तीच खाली आणते. मागच्या दिवाळीच्या सुमारास ती खड्ड्यात खटखट वाजायला लागली. ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. गाडी चालवते आमच्यातलीच एक ताई. मासिक बैठकीत सगळ्यांची बोटं तिच्याकडे! खड्डे बघत नाहीस, गाडी आपटतेस. एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून शॉकअप बदलले. पैसे गेले, आवाज तसाच. शेवटी ताईने किल्ली आमच्यासमोर ठेवली नि म्हणाली, दुसरी चालवणारी बघा.

नंतर एका म्हाताऱ्या फिटरने पाट्याच्या टोकाशी टॉमी घालून दाबली, तेव्हा खरं कारण कळलं.

पाट्याच्या टोकाला गोल डोळा असतो. त्यातून बोल्ट जातो. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराचा बुश असतो. पाटा दबला की लांब होतो, म्हणून त्याचं एक टोक हलत्या शॅकलला जोडलेलं असतं, तिथेही बुश. एका पाट्याला अशा 3 जागा, म्हणजे आमच्या जीपला 12. कुकरची रिंग जुनी झाली की कडक होते, तिला चिरा पडतात, तसंच या रबराचं होतं. मग बोल्ट डोळ्यात मोकळा खेळतो, एका बाजूचा आस किंचित मागेपुढे सरकतो आणि गाडी ओढते. घाटात, लोड भरलेला असताना, हे अंगावर येऊ शकतं. फोर बाय फोर गाडीत पुढची चाकंही ओढतात, तेव्हा पुढचे बुश विसरू नका.

तपासायचं कसं? गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. बोल्ट डोळ्याच्या मधोमध आहे की एका बाजूला टेकलाय ते बघा. रबर फाटून बाहेर आलंय का? लोखंड घासून चकचकीत झालंय का? मग टॉमीने दाबा. रबर थोडं दबेल, ते चालतं. लोखंड खटकन हललं तर बुश गेला. पण ओढणारी गाडी म्हणजे बुशच, असं धरून चालू नका. आधी ब्रेक, टायरची हवा आणि यू बोल्ट बघून घ्या.

बदलण्याचं काम फिटरकडूनच करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. चॅसीखाली मजबूत स्टँड हवेतच. आसाखाली दुसरा जॅक लावून पाट्यावरचा ताण काढला की बोल्ट निघतो. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. जुना बुश जाळून काढायची काहींना सवय असते, तो धूर वाईट, करू देऊ नका. बोल्टला खाच पडली असेल तर तोही नवा घाला, नाहीतर नवा बुश लवकरच जाईल. रबराचा बुश साबणाच्या पाण्याने सरकवायचा. ग्रीस किंवा ऑइल लावलं तर साधं रबर फुगतं. आणि एका बाजूचा गेला असला तरी दोन्ही बाजूंचे बदला.

एक गोष्ट घाईत हमखास राहते. नट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यांवर आल्यावर. गाडी अधांतरी असताना आवळला तर खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

आमचे सगळे बुश मिळून शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त पडले. पुढच्या बैठकीत आम्ही ताईची माफी मागितली. तिने लगेच किल्ली घेतली नाही. आधी म्हणाली, चार दिवसांनी नट पुन्हा आवळायचे असतात, तेव्हा तुम्ही सगळ्या या. गेलो. पाना तिने आमच्याच हातात दिला.