जुन्या गाडीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? त्याने नेमकं काय बदलतं?

घरात जुनी पेट्रोल पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर असेल, तर एक सल्ला तुम्हाला कधी ना कधी मिळालाच असेल. "किती दिवस पॉइंट घासत बसणार? इलेक्ट्रॉनिक करून टाका." कुणी सांगतं मायलेज वाढतं, कुणी सांगतं पिकअप सुधारतो. उलट बाजूचा एखादा जुना मेकॅनिक मात्र मान हलवतो आणि म्हणतो, "घाटात बंद पडली तर काय करणार?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण निर्णय घ्यायचा तर आधी हे पॉइंट काय काम करतात ते बघावं लागेल.

पॉइंट म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. ही ठिणगी स्पार्क प्लग देतो. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला हजारो व्होल्ट लागतात, आणि गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची. मधलं काम कॉइल करते.

कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात. पहिल्या वेढ्यातून बॅटरीचा करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हा करंट अचानक तोडला की ते क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या, बारीक तारेच्या वेढ्यात काही हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. तोच पुढे प्लगकडे जातो.

इथे 'अचानक तोडला' हे महत्त्वाचं. करंट तोडणारा स्विच म्हणजेच पॉइंट. धातूचे दोन छोटे संपर्क एकमेकांना टेकलेले असतात. डिस्ट्रिब्यूटरमधला दांडा फिरतो, त्यावरचा कॅम पॉइंटला ढकलतो, संपर्क सुटतो आणि ठिणगी उडते. शेजारी बसवलेला छोटा कंडेन्सर संपर्क सुटताना तिथेच ठिणगी उडू नये याची काळजी घेतो.

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्यूटरला 'डेल्को' म्हणतात. हे एका कंपनीचं नाव आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून डेल्को. या कंपनीची बॅटरीवर चालणारी इग्निशन आधी कॅडिलॅक गाड्यांमध्ये आली. कॉइल आणि पॉइंटची ही रचना त्यानंतर अनेक दशकं जगभर चालली. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेल्या फियाट आणि पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनातही तीच होती.

मग अडचण काय आहे?

एक साधा हिशेब करू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल, तर मिनिटाला ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. याच वेगाने तासभर गाडी चालली तर पॉइंट ३ लाख ६० हजार वेळा उघडतात आणि मिटतात.

इतकं काम केल्यावर दोन गोष्टी झिजतात. पहिली म्हणजे संपर्काचा पृष्ठभाग. तो जळतो, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार होतं. दुसरी म्हणजे कॅमवर घासणारी पॉइंटची टाच. ती झिजली की पॉइंटमधली फट कमी होते. फट कमी झाली की संपर्क उशिरा सुटतो, म्हणजे ठिणगी उशिरा उडते. मेकॅनिकच्या भाषेत टायमिंग मागे जातं.

हे एका दिवसात होत नाही. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, चढावर गाडी दम टाकते, मध्येच मिसिंग मारते, पेट्रोल जास्त खाते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि पीयूसी चाचणीत आकडे वाढतात. म्हणून पॉइंट वेळोवेळी साफ करणं, फीलर गेजने फट लावणं आणि टायमिंग तपासणं हा जुन्या गाडीच्या देखभालीचा ठरलेला भाग असतो.

इलेक्ट्रॉनिक केलं की काय बदलतं?

बहुतेक किटमध्ये बदल एवढाच असतो: यांत्रिक स्विच जातो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच येतो. डेल्कोचं झाकण, रोटर, प्लगच्या वायरी आणि अनेकदा कॉइलसुद्धा तीच राहते.

डेल्कोच्या दांड्यावर चुंबकांची एक कडी बसते. चार सिलिंडरच्या गाडीत चार चुंबक. पॉइंटच्या जागी एक छोटं मॉड्यूल बसतं. चुंबक समोरून गेला की मॉड्यूलमधल्या सेन्सरला ते कळतं आणि आतला ट्रान्झिस्टर कॉइलचा करंट तोडतो. अनेक किटमधला सेन्सर 'हॉल इफेक्ट' तत्त्वावर चालतो. एडविन हॉल या भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये हा परिणाम शोधला होता. काही किटमध्ये चुंबकाऐवजी प्रकाशाचा सेन्सर असतो, पण काम तेच.

इथे काहीच कशाला घासत नाही. त्यामुळे लावलेलं टायमिंग पॉइंटच्या झिजेमुळे सरकत नाही. मोठ्या कंपन्यांनीही याच कारणाने पॉइंट सोडले. क्रायस्लरने १९७३ च्या आपल्या अमेरिकी गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट द्यायला सुरुवात केली होती.

गाडी सीएनजीवर असेल तर फायदा जास्त जाणवू शकतो. सीएनजी आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते, त्यामुळे अशा गाडीत पॉइंटचा थोडा बिघाडही लगेच दिसतो.

मायलेज आणि पिकअप खरंच वाढतो का?

तुलना कशाशी करता यावर ते अवलंबून आहे. जळलेले पॉइंट आणि मागे गेलेलं टायमिंग घेऊन गाडी गॅरेजमध्ये गेली आणि किट बसवून बाहेर आली, तर फरक जाणवणारच. पण त्याच गाडीला नवे पॉइंट, नवा कंडेन्सर लावून टायमिंग नीट केलं असतं, तरी जवळजवळ तेवढाच फरक पडला असता.

किटमुळे इंजिनाची मूळ ताकद वाढत नाही. गाडी नीट ट्यून केल्यावर जशी चालते, तशी ती जास्त काळ चालत राहते. आपण पैसे देतो ते यासाठी.

आणखी एक गोष्ट. वेग वाढेल तशी ठिणगी थोडी आधी उडवण्याचं काम डेल्कोमधली वजनं आणि स्प्रिंग करतात. साध्या किटमध्ये ती तशीच राहतात. स्प्रिंग ढिली झाली असेल, दांड्याचा बुश झिजून दांडा हलत असेल किंवा झाकणाला बारीक तडा असेल, तर किट बसवूनही गाडी मिसिंग मारेल. कार्बोरेटरमधला कचरा तर किट काढू शकत नाहीच.

बसवण्याआधी काय तपासायचं?

१. डेल्कोचा नंबर. फक्त गाडीचं मॉडेल सांगून किट मागवू नका. जुन्या गाडीत भाग अनेकदा बदललेले असतात. डेल्कोच्या बॉडीवरचा नंबर बघा आणि त्याला जुळणारं किट घ्या.

२. अर्थिंग कुठलं? बहुतेक गाड्यांत बॅटरीची ऋण बाजू बॉडीला जोडलेली असते. पण काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत धन बाजू जोडलेली असते. चुकीचं किट लावलं तर मॉड्यूल जळू शकतं.

३. कॉइलचा रोध. मल्टिमीटरने कॉइलच्या धन आणि ऋण टोकांमधला रोध मोजा. ३ ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर करंट जातो, १.५ ओहमच्या कॉइलमधून ८ अँपिअर. किटला किती झेपतो ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

४. बॅलास्ट रेझिस्टर. काही गाड्यांत कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट न देता मध्ये एक रेझिस्टर असतो. अनेक किटच्या मॉड्यूलला मात्र पूर्ण १२ व्होल्ट लागतात. अशा वेळी मॉड्यूलची वायर रेझिस्टरच्या आधी, स्विचच्या बाजूला जोडावी लागते.

५. प्लगच्या वायरी. साध्या तांब्याच्या तारेच्या वायरींमधून होणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला त्रास देऊ शकतो. बऱ्याच किटसोबत रेझिस्टन्सच्या वायरी वापरायला सांगतात.

बसवतात कसं?

आधी बॅटरीची वायर काढायची. इंजिन हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीच्या जागेवर आणायचं आणि रोटरचं तोंड कुठे आहे याची खूण करायची. मग पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्या जागी मॉड्यूल बसवायचं, दांड्यावर चुंबकांची कडी घट्ट दाबायची. मॉड्यूलच्या दोन वायरी कॉइलला जातात, एक धन टोकाला आणि एक ऋण टोकाला. कुठल्या रंगाची कुठे ते किटच्या कागदावर बघूनच लावायची, कारण उलटी लावली तर मॉड्यूल जाऊ शकतं. मॉड्यूलची पट्टी डेल्कोच्या बॉडीला नीट टेकली पाहिजे. तिथे गंज असेल तर घासून काढा.

यानंतर टायमिंग लाइट लावून टायमिंग पुन्हा जुळवायचं. ही पायरी अनेक जण गाळतात. मॉड्यूल पॉइंटच्या अगदी त्याच क्षणी करंट तोडेल असं नाही. त्यामुळे 'किट लावलं आणि गाडी गरम व्हायला लागली' अशी तक्रार असेल, तर टायमिंग आधी तपासा.

सवयही एक बदलावी लागेल. इंजिन बंद ठेवून चावी चालू स्थितीत सोडायची नाही. काही मॉड्यूलमधून तेव्हाही करंट वाहत राहतो, कॉइल तापते आणि मॉड्यूल जळू शकतं. इंजिन चालू असताना प्लगची वायर हातात धरून ठिणगी तपासण्याचा प्रकारही टाळा. झटका पॉइंटच्या गाडीतही जोरदार बसतो.

घाटात बंद पडली तर?

जुन्या मेकॅनिकचा मुद्दा इथे बरोबर आहे. पॉइंट बिघडण्याआधी बहुतेक वेळा कुरकुर करतात. रस्त्यात त्रास दिलाच, तर पॉलिश पेपरचा तुकडा आणि स्क्रू ड्रायव्हर यांवर गाडी घरापर्यंत आणता येते. मॉड्यूल अनेक वर्षं काही न मागता चालू शकतं, पण गेलं की एकदम जातं आणि रस्त्याच्या कडेला दुरुस्त होत नाही.

यावर उपाय सोपा आहे. काढलेले पॉइंट फेकू नका. चांगल्या स्थितीतला पॉइंटचा संच, कंडेन्सर, त्यांचे स्क्रू आणि फीलर गेज एका डबीत घालून डिकीत ठेवा. डेल्को तोच असल्याने मॉड्यूल काढून पॉइंट परत बसवता येतात. घाट ओलांडायला तेवढं पुरतं.

कायद्याने चालतं का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. पॉइंट की इलेक्ट्रॉनिक, हे त्या प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं. पण ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ रूपात असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, असं २०२१ चे नियम सांगतात. अशा गाडीसाठी जुने भाग जपून ठेवणं शहाणपणाचं.

मग करावं की नाही?

गाडी रोज किंवा दर आठवड्याला चालवता, पॉइंट लावणारा मेकॅनिक जवळ नाही, आणि डेल्कोचा दांडा, झाकण, वायरी ठीक आहेत: तर करा. गाडी वर्षातून चार वेळा बाहेर निघते आणि पॉइंट तुम्हाला स्वतःला लावता येतात: तर घाई नाही. आणि गाडी आत्ता मिसिंग मारते म्हणून किट घ्यायचं मनात असेल, तर थांबा. आधी प्लग, वायरी, झाकण, कंडेन्सर आणि दांड्याचा खेळ तपासून घ्या. दोष त्यातलाच असेल, तर नवं किट बसवूनही तो तिथेच राहील.