शेजाऱ्यावरून घर

बीडमधल्या जुन्या घराचा ठावठिकाणा शोधणारा माणूस बहुधा गल्लीच्या नावापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. बहामनी, अहमदनगरची निजामशाही, मोगल, हैदराबादचे आसफजाही निजाम, सप्टेंबर 1948 नंतर भारत, 1956 पासून मुंबई राज्य आणि 1960 पासून महाराष्ट्र, इतक्या दप्तरांतून हे गाव गेले आणि नावे बदलत राहिली. औरंगजेबाच्या काळात, 1702 च्या सुमारास, वसलेला गाजीपुरा म्हणजेच आजचा इस्लामपुरा, असे स्थानिक इतिहास सांगतो. जिल्ह्यातले अंबाजोगाई निजामाच्या कागदांत मोमिनाबाद होते. हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळाची छावणी तिथे असल्याने इंग्रजी कागदांतही तेच नाव बसले. खुद्द बीड जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये ‘भीर’ या नावाने येते, त्यामुळे सूचीत ‘बीड’ शोधणारा रिकाम्या हाताने परततो. घरक्रमांकाचाही भरवसा नाही, कारण मालमत्ता कराची नवी आकारणी झाली की तो बदलू शकतो. म्हणून नावाचा उपयोग कागदाचा काळ ठरवण्यापुरता करावा. मोमिनाबाद लिहिले असेल तर दस्त बहुधा निजामकाळातला किंवा त्याला लागून आलेल्या वर्षांतला. सन फसली असेल तर त्यात महिन्याप्रमाणे 590 किंवा 591 मिळवून इसवी सन काढावा. जागा मात्र दस्तातल्या चतुःसीमेवरून शोधावी.

जुन्या खरेदीखतात किंवा वाटणीपत्रात पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणती गल्ली, दक्षिणेस कोणाचा वाडा आणि उत्तरेस कोणाची भिंत, हे लिहिलेले असते. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: शेजारीच कुठे राहत होता हे माहीत नसेल तर त्याच्या नावाने काय साधणार? एका दस्ताने खरेच काही साधत नाही. पण शेजाऱ्याच्या खरेदीखतातही चतुःसीमा असते आणि तिच्यात आपले घर उलट्या दिशेने नोंदलेले असते. असे तीनचार दस्त जोडले की साखळी कुठेतरी न हलणाऱ्या वस्तूला जाऊन टेकते. ती वस्तू म्हणजे एखादी वेस, मशीद, देऊळ, विहीर किंवा बिंदुसरा नदीचा काठ. कंकालेश्वराचे देऊळ कुंडासह जागेवर आहे, शहेनशाह वलींचा दर्गाही आहे. शिवाय ज्या देवस्थानांना इनाम होते त्यांचे कागद टिकण्याची शक्यता सामान्य घरांच्या कागदांपेक्षा जास्त. निजामाने मुंतखब, म्हणजे मान्यतेची सनद, देऊन इनामे कायम केली आणि राज्य गेल्यावर 1952 च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याखाली त्यांची पुन्हा तपासणी झाली. एकाच देवस्थानाबद्दल दोन राजवटींचे कागद हाती येण्याची ही सोय इतर मालमत्तांना क्वचितच लाभते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर अनेक कुटुंबांनी घरे सोडली, आणि 1989 मध्ये बिंदुसरेच्या पुराने काठावरची वस्ती वाहून नेली. शेजारीच उरला नाही तर साखळी तुटणारच. तुटते, हे खरे, पण सगळीकडे नाही. माणूस गेला तरी पुढच्या विक्रीच्या दस्तात त्याचे नाव अनेकदा तसेच उतरवले जाते, कारण मसुदा लिहिणारा मागचा कागद समोर ठेवूनच लिहितो. ही नक्कल करण्याची सवय एरवी चुका पुढे ढकलते, इथे ती शोधणाऱ्याच्या कामी येते. पुराच्या पट्ट्यात मात्र भिंतींवर विसंबून चालत नाही. तिथे नगरपालिकेच्या जुन्या कर-नोंदी आणि नगर भूमापनाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवावे लागतात, आणि तरीही उत्तर ‘या चार घरांपैकी एक’ इतकेच निघू शकते. तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे आहे. वारसांच्या घाईपोटी त्यातले एक घर निवडून टाकणारे ‘संशोधन’ कोर्टात टिकत नाही आणि इतिहासातही टिकू नये.

राहिला प्रश्न लिपीचा. निजामाच्या दरबारी भाषा 1884 पर्यंत फारसी, नंतर उर्दू, आणि जुना मराठी व्यवहार मोडीत. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधताना सरकारलाही मोडी आणि उर्दूचे जाणकार शोधावे लागले. घराचा माग काढणाऱ्यानेही आधी वाचणारा गाठावा आणि त्याला पहिल्यांदा चतुःसीमेच्या चार ओळीच वाचायला सांगाव्यात. बाकीचा दस्त नंतर वाचला तरी चालतो.