कॅमेरा नसलेला कॅमेरा

संपादकांचं म्हणणं सरळ होतं. गावोगाव सीसीटीव्ही लागलेत, तर ते बसवणाऱ्यांवर लिहा. म्हणून नांदेडहून पॅसेंजरनं चुडाव्याला उतरलो. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं हे स्टेशन. निजामाच्या अमलात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज इथूनच गेली. ज्याला भेटायचं होतं तो तरुण खोलीत रेकॉर्डर उघडून बसला होता. पडद्यावर रस्ता, ट्रॅक्टर, म्हशी आणि कोपऱ्यात 'लाइव्ह'. कॅमेरा मात्र कुठेच दिसेना.

"कॅमेरा नाहीच, काका. फोल्डर हाय."

बसवणाऱ्यांचा लेख तिथेच बाजूला पडला.

फोल्डरात साधे जेपीजी फोटो होते. संगणक ते एकामागून एक नेटवर्कवर सोडत होता आणि रेकॉर्डर त्यालाच कॅमेरा समजून नोंद घेत होता. खांबावर चढण्याआधी केबल, राउटर, रेकॉर्डर तपासून घेता येतात, हा याचा एक उपयोग. दुसरा मला जास्त पटला. गाड्या मोजणारं किंवा नंबरप्लेट वाचणारं सॉफ्टवेअर पारखायचं तर त्याला तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. खरा रस्ता तोच ट्रॅक्टर त्याच उन्हात दुसऱ्यांदा दाखवत नाही. फोल्डर दाखवतं.

सुट्या चित्रांतून हालचाल उभी करणं आपल्याकडे नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची एकेक चौकट टिपून 'अंकुराची वाढ' केली, ती भांडवलदाराला पटवण्यासाठी. पण ते आधी टिपून मग दाखवलेलं. 'हे आत्ता चाललंय' असा दावा नेटवर्कवर आला तो केंब्रिज विद्यापीठात १९९१ साली, कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यातून. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं ते करडं चित्र मिनिटाला तीनेकदा बदलायचं. पुढे १९९५ मध्ये नेटस्केपनं ब्राउझरला नवी सवय लावली. सर्व्हरनं उत्तर संपवायचंच नाही. एक चित्र, मग हद्दीची ओळ, मग पुढचं चित्र, आणि नवं आलं की ते जुन्याच्या जागी बसवायचं. 'एमजेपीजी-स्ट्रीमर' नावाचा छोटा प्रोग्राम अजून याच युक्तीवर चालतो.

माझं लक्ष अडकलं ते वेळेपाशी. कोणता फोटो किती वेळ दाखवायचा हे फोल्डरात कुठेच लिहिलेलं नसतं. फोटो नेटवर्कवर सोडणाऱ्या 'एफएफएमपेग' या प्रोग्रामला वेगळं काही सांगितलं नाही, तर तो सेकंदाला २५ फोटो धरतो. 'आरई' हा पर्याय द्यायचा राहिला, तर मशीनला झेपेल त्या वेगानं अख्खं फोल्डर गिळून मोकळा होतो. हजार फोटोंचं चाळीस सेकंदांचं दृश्य डोळ्यांदेखत उडून जातं. पर्याय दिला की पंगतीतला वाढपी पानं बघून वाढतो तसा तो घड्याळ बघून फोटो सोडतो. पडद्यावरचा 'लाइव्ह' हा असा लगाम लावून मिळवलेला असतो.

नावांचा हट्ट वेगळाच. क्रम लावताना यंत्र बहुधा आकडा वाचत नाही, अक्षरं बघतं. त्यामुळे 'फोटो-१०' हा 'फोटो-२'च्या आधी येतो आणि ट्रॅक्टर पुढे जाता जाता मागे उडी मारतो. म्हणून ०००२, ००१० अशी शून्यं भरायची.

खरी गंमत फोटो येतच राहणाऱ्या फोल्डरात. त्या तरुणानं मोबाइलवरून फोटो सोडायला सुरुवात केली, तर पडद्याचा खालचा अर्धा भाग करडा. "थांबा काका, फोटू अजून उतरायलाय." अर्धवट लिहिलेली फाइल वाचणाऱ्यानं उचलली होती. यावरचा उपाय फार देखणा आहे: फोटो तात्पुरत्या नावानं लिहायचा आणि पुरा झाला की नाव बदलायचं. लिनक्सवर डिस्कच्या एकाच विभागात नाव बदलणं एका झटक्यात होतं. वाचणाऱ्याला एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर पूर्ण फोटो दिसतो. मधली अवस्थाच उरत नाही.

हे सगळं खोलीतल्या वायरवर. बाहेर पडलं की हिशेब बदलतो. शंभर केबीचा फोटो, सेकंदाला २५, म्हणजे २० मेगाबिट. गावातल्या मोबाइल डेटावर ते ओढत नेणं अवघड. मग एच.२६४ या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीकडे वळायचं. त्यात बहुतेक वेळा फक्त बदललेला भाग जातो, पूर्ण चौकट अधूनमधून. एक्स२६४ या एन्कोडरला मोकळं सोडलं तर दोन पूर्ण चौकटींत २५० चौकटींपर्यंतचं अंतर पडतं. सेकंदाला एकच फोटो असेल तर ते चार मिनिटं दहा सेकंद झाले, आणि मध्येच जोडला गेलेला माणूस तोवर कोरा किंवा फाटका पडदा बघत बसतो. त्यापेक्षा तोच फोटो सेकंदाला २५ वेळा पाठवलेला बरा. न बदललेल्या चित्राला एच.२६४ मध्ये जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

मला धास्ती वाटली ती रेकॉर्डरच्या भोळेपणाची. फोल्डर कालचं असलं तरी तो तितक्याच निष्ठेनं नोंदवतो. कोपऱ्यातल्या तारीख-वेळेचं काय, विचारलं. तरुणानं एफएफएमपेगच्या आज्ञेत एक तुकडा वाढवला आणि जुन्या म्हशींवर आजची तारीख, चालतं घड्याळ उमटलं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायचा आदेश दिला. निवडणूक आयोग मतदान केंद्रांवरून वेबकास्टिंग करतो. अशा ठिकाणी 'लाइव्ह' या शब्दावर बरंच काही टेकलेलं असतं. काही कंपन्यांचे कॅमेरे आतल्या गुप्त किल्लीनं चित्रांवर डिजिटल सही करतात. फोल्डराकडे ती किल्ली नसते. पण ती सही कुणीतरी तपासायला हवी.

"सहीचा कॅमेरा कोण घेतो काका? गिऱ्हाईक पहिलं विचारतं, आठ हजारांत बसतात का दहा."

तो आपल्यापुरतं एक करतो, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून देतो. आठवड्याभरात बऱ्याच जणांचा फोन येतो: लक्षात राहत नाही, १२३४ करून टाक.